कापूस हलत होता का

आबा, गेल्या महिन्यात मी आईशी खरं बोलले आणि तेव्हापासून आपल्या घरात धड कुणी जेवत नाही. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलतो, वहिनी ताट वाढते आणि आत निघून जाते. आई ओटीवरच्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडून असते. तुम्ही असता तर मला म्हणाला असता, "झालं तुजं समाधान?" तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, माझे निम्मे केस पांढरे झाले, आणि तरी हे कुणाला सांगावं असा विचार केला तर तुमच्याशिवाय माणूस सुचत नाही. खरं काय ते एकट्या तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही काही सांगणार नाही.

मी काय काम करते ते आधी सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते आणि मी डॉक्टर व्हावं असं तुमच्या फार मनात होतं. झाले डॉक्टर, पण औषध देणारी नव्हे. आई शेजारणींना सांगते, "आमची पोर नाय का, ती हलतंय का ते बगते." ती थट्टेनं म्हणते, पण याहून नेमकं मला स्वतःलाही कधी सांगता आलेलं नाही. कर्जतच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी आमच्या संस्थेनं जागा घेतलीय, तिथली जमीन शांत म्हणून. तिथं तळघरात एक खोली आहे, खोलीत हवा उपसून रिकामं केलेलं एक भांडं आहे, आणि त्या भांड्यात चौकटीवर ताणून बसवलेला एक पापुद्रा आहे. कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ, आणि ढोलकीच्या चामड्यासारखा ताणलेला. तो सतत थरथरत असतो. ती थरथर इतकी बारीक असते की तिच्यापुढं अणूसुद्धा अवाढव्य म्हणायचा. आम्ही पापुद्र्यावर लेझरचा प्रकाश टाकतो, परत फिरलेला प्रकाश तपासतो आणि पापुद्रा किती सरकला ते काढतो. गार करत नेलं की थरथर कमी होते, अजून गार केलं की अजून कमी. पण ती पार थांबत कधीच नाही. काही केलं तरी थोडीशी हालचाल उरतेच, ती काढून घ्यायची सोय या जगात नाही. त्या उरलेल्या हालचालीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन बघायचं, हे माझं काम. जमीन शांत खरी, पण घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून ढकलणारी इंजिनं जोर लावायला लागली की आमच्या आलेखावर उंचवटा येतो. माझा सहकारी केरळचा आहे, तो वैतागून रेल्वेला शिव्या घालतो. मी त्याला म्हणते, असू दे रे, आमच्या घरची माणसं आहेत ती.

तुम्ही मला एकदा दिवाळीच्या सुट्टीत घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनावर तुमच्या रेल्वेच्या ड्युटीवर नेलं होतं, ते आठवतं का? घाट उतरणारी प्रत्येक गाडी तिथं थांबवतात, ब्रेक धरतात की नाही ते बघायला. तुमच्या कामातलं मला एवढंच कळलं होतं की गाडी थांबते, तुम्ही बघता आणि मग ती पुढं जाते. एक मोठी एक्स्प्रेस आली. थांबली असं बघून मी आनंदानं तिच्याकडं धावले, आणि तुम्ही माझ्या दंडाला धरून असं काही मागं ओढलंत की वळ उठला. "थांबल्यासारकी दिसते म्हंजे थांबली नाय गं. डबा काय बगतेस, चाक बग." मी बघते तर चाक अजून फिरतंय, इतकं सावकाश की नजर रोखून धरावी लागत होती. दुपारी डबा उघडलात, तांदळाची भाकरी आणि सुकट, आणि मोठी भाकरी माझ्याकडं सरकवलीत. मी अजून रुसलेली होते, तरी ती खाल्ली. भूक फार लागली होती.

आता तो दिवस. तुम्हाला त्यातलं किती कळलं कोण जाणे, म्हणून माझ्या बाजूनं सांगते. तुमचं डावं अंग गेलं होतं, बोलणं बोबडं झालं होतं. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले आणि बजावून सांगितलं की तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, गिळता येत नाही, पाणी छातीत जाईल. तुमचे बाकीचे शब्द कुणाला उमगत नव्हते, पण 'पाणी' तेवढं स्वच्छ यायचं. दिवसभर तुम्ही ते मागत होता. आई ओल्या फडक्यानं ओठ पुसायची आणि म्हणायची, "डाक्टरनी नाय सांगितलंय वो. उद्या देते." पोराला मिठाईचं सांगावं तशी ती उद्याचं सांगायची. मला ते ऐकवत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परीक्षा नसतानाही मी कॉलेजला निघून गेले.

परत आले तेव्हा ओटी माणसांनी भरली होती. तुम्हाला खाली घोंगडीवर घेतलं होतं. तुमची बहीण, नेरळची आत्या, तुमच्या उशाशी बसली होती, आणि आई तुळशीचं पान घातलेला पेला हातात घेऊन नुसती उभी होती. शेवटचं पाणी मुलानं पाजायचं. भाऊ रसायनीला कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता आणि त्याला आणायला कुणीतरी मोटारसायकलवर धावलं होतं. सगळे रस्त्याकडं कान लावून बसले होते. काका म्हणाला, "आता कसली वाट बगताव? गेला तो." आत्या त्याच्यावर कडाडली. "गेला कसा? जीव हाय अजून." देवाच्या कोनाड्यातला वातीचा कापूस तिनं मागून घेतला, त्यातला एक तंतू उपसला आणि वाकून तुमच्या नाकाशी धरला. आत्या रडून रडून धापा टाकत होती, तिचं तोंड तुमच्या तोंडाला जवळजवळ लागलं होतं. "ह्ये बग वैनी. हलतंय. ह्ये बग." आई वाकली, तिनं बघितलं. मीही बघितलं. तंतू हलत होता.

भाऊ आला तो कंपनीच्या कपड्यांतच. त्यानं पेला तुमच्या ओठांना लावला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून निघालं आणि मानेवरून घोंगडीत गेलं. आत्या म्हणाली, "प्याला गं, माजा भाव पानी प्याला." काका खाली बघत राहिला. मग तिनं पुन्हा कापूस धरला, आणि या वेळी नाही म्हणून मान हलवली. सगळ्या घराचं रडणं त्यानंतर सुरू झालं.

घरात सगळ्यांनी ते तसंच धरलं. भाऊ परवापरवापर्यंत पाहुण्यांना सांगायचा की आबा माझ्या हातचं पाणी पिऊन गेले. सांगताना त्याचा आवाज बदलायचा. आई मात्र त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. पितरांच्या पंधरवड्यात तुमचं पान वाढलं जायचं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला जायचा, तेव्हा ती उठून मागच्या दारी जायची. मला वाटायचं, भाऊ येईपर्यंत आत्यानं तिला तुम्हाला पाणी देऊ दिलं नाही, म्हणून तिचा आत्यावर राग असेल. पण मग भाऊबीजेला आत्याला लुगडं जायचं त्याचं काय? नवरा गेल्यावर कुठली वहिनी नणंदेला दरसाल लुगडं धाडते? आई धाडत राहिली, आत्या मरेपर्यंत. दोघींचं तुमच्या हयातीत कधी पटलं नव्हतं. मी एकदा चिडवलं की नणंदेवर फारच माया उतू जातेय, तर ती म्हणाली, "तिचं उपकार हायेत." मी पुढं विचारलं नाही. आपल्या घरात पुढं विचारायची पद्धत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या तळघरात एक गोष्ट झाली. पापुद्र्याची हालचाल अंधुक दिसत होती, म्हणून सहकाऱ्यानं प्रकाश वाढवला. आलेख स्वच्छ आला आणि गडी खूश झाला. पण आकडे माझ्या मनाला पटेनात. पापुद्रा जितका थरथरायला हवा त्याहून जास्त थरथरत होता. मग ध्यानात आलं की आमचा प्रकाशच त्याला ढकलतोय. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा. कण थोडे असले तर नीट दिसत नाही, जास्त झाले तर प्रत्येक कण येताना एक धक्का देतो. बघायचं तर धक्का द्यावाच लागतो. हे पुस्तकात मी कधीच वाचलेलं, इतरांना शिकवलेलंसुद्धा. त्या दिवशी मी सहकाऱ्याला म्हणाले, "अरे, तू त्याची हालचाल बघतच नाहीस, तुझीच बघतोयस," आणि बोलता बोलता माझ्या डोळ्यांसमोर आत्याचं तोंड आलं. धापा टाकणारं, तुमच्या तोंडाला टेकलेलं. मी खुर्चीत बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली, बिचारा चहा घेऊन आला.

तरीही मी घरी काही बोलले नसते. पण गेल्या महिन्यात एका रविवारी आई आणि मी ओटीवर बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. आई आता थकलीय, पायांना सूज असते, पण वाल दुसऱ्या कुणाला सोलू देत नाही. एकाएकी म्हणाली, "तू तं हलतंय का नाय त्येच बगतेस ना गं? मंग मला एक सांग. आत्यानं कापूस धरलेला, तो हलत व्हता का?"

आबा, मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. इतक्या वर्षांत घरातलं कुणीतरी पहिल्यांदा माझ्या कामातलं काही विचारत होतं. मी उठले, कोनाड्यातला कापूस आणला, तंतू उपसला आणि वालांचं तपेलं पुढं ओढून त्याच्या काठाशी धरला. आत्यासारखी वाकले. तंतू नाचायला लागला. "बघ," मी म्हणाले, "तपेलं काय श्वास घेतं? माझाच श्वास त्याला लागतोय. आत्या तर केवढ्या धापा टाकत होती." मी हसत होते. शाळेत बाई प्रयोग करून दाखवतात आणि पोरांच्या तोंडाकडं बघतात, तसं मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिची बोटं वालावर थांबली होती.

"म्हंजे भाव यायच्या आदीच गेलते."

"बहुतेक," मी म्हणाले. मला नेमकं बोलायची सवय आहे ना.

तिनं हातातला वाल ताटात ठेवला आणि भिंतीला धरून उठली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भावानं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की पोरीनं कापसाचं सांगितलं. मग तो माझ्यावर उलटला. "माज्या हातचं पानी पन काडून घेतलंस? काय मिळालं तुला?" मला वाटलं सगळं दुःख त्या पाण्याचंच आहे. मुलाच्या हातचं पाणी बापाला पोचलं नाही, एवढंच. मी त्याची माफी मागितली, मग आईच्या कॉटवर जाऊन बसले आणि म्हणाले, भावाचं पाणी पोचलं नसेल तरी त्यानं तोंडाला लावलं ना, तुझ्या रीतीला तेवढं चालतं की.

ती भिंतीकडं बघतच बोलली. "भावाच्या पान्याचं मी कुटं इचारलं? मी पाजलं व्हतं."

मला कळेना. ती हळूहळू बोलत गेली. "दुपारची सगळी आत जेवायला बसलेली. त्येंनी माजा हात धरला. पानी दे म्हनले. किती येळा नाय म्हनायचं मानसाला? मी पेला लावला. घटाघटा प्याले, अर्धा पेला. मंग ठसका लागला. लई लागला. मंग डोळं मिटलं ते मिटलं." भिंतीचा पोपडा ती नखानं खरवडत होती. "मी कुनाला बोलली नाय. वाटलं, मीच मारलं. मंग आत्या आली, कापूस धरला, म्हनली हलतंय. तवा माजा जीव भांड्यात पडला. म्हनलं, माज्या पान्यानं नाय गेले. अजून हायेत. भाव येईस्तवर हायेत."

आबा, आई एवढी वर्षं त्या एका तंतूवर जगली. नणंदेला लुगडी गेली ती त्यासाठी. मी तिच्यासमोर तपेलं ठेवून तो तंतू काढून घेतला, आणि वर हसले.

त्यानंतर मी सगळं करून बघितलं. म्हणाले, आत्याचा श्वास कापसाला लागला म्हणजे आबांचा लागत नव्हता असं नाही, दोन्ही लागत असतील, त्यातलं कुठलं किती ते कुणालाच सांगता येणार नाही. हे खरं आहे, तळघरात मी रोज याच्याशीच झगडते. तिनं पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. डॉक्टरांना विचारू म्हणाले, तर म्हणाली, "त्येंनी तवाच सांगितलेलं, पानी छातीत जाईल." शेवटी मी खोटं बोलले. आयुष्यात मोजमापाबद्दल पहिल्यांदा. म्हणाले, आई, मी तिथंच उभी होते, मी नीट बघितलं, आत्या श्वास रोखून होती तेव्हाही कापूस हलला. ती वळली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आता तू पन आत्यासारकीच बोलाय लागलीस," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

आता ती जेवते, दोन घास, वहिनीच्या समाधानापुरते. मी रोज संध्याकाळी तळघरातून घरी येते, तिच्या पायाशी बसते. ती विचारते, "गार केलंस का तुजं पापुद्रं?" मी म्हणते, केलं. "थांबलं का?" मी म्हणते, नाही. मग मी तिचे सुजलेले पाय चेपत बसते. भाऊ टीव्हीचा आवाज मोठा करतो.

हे लिहायला बसले तेव्हा मनात होतं की लिहून झालं की आईला वाचून दाखवावं. आता वाचून दाखवणार नाही. भावाच्या हाती लागलं तर त्याला कळेल की त्याच्याआधी आईनं पाजलं, आणि त्याच्याकडं उरलंसुरलं आहे तेही जाईल. तेव्हा हे कुठं जायचं नाही.

तुम्हाला मात्र सांगते. माझा अंदाज विचाराल तर तुम्ही दुपारीच गेलात, त्या ठसक्यात. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुम्ही दिवसभर पाणी मागत होता आणि ते तुम्हाला मिळालं, घटाघटा मिळालं, याचं मला इतकं बरं वाटतं की ते आईला सांगायला तोंड उघडते आणि मिटते. कारण ती लगेच विचारेल की तू असतीस तर काय केलं असतंस. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, आबा. मी दिलं नसतं.